तीनापर्यंत

कलातच्या वर, हरबोईच्या डोंगरात
बकरीच्या केसांच्या काळ्या तंबूपुढे
मी नळ्या मांडल्या. निळी झाकणं,
आणि बर्फाची पेटी, जिच्यावर लगेच एक करडू चढलं.

"थुंका," मी म्हटलं. "या रेघेपर्यंत. फेस धरायचा नाही."
माहगुल ओढणीआड हसली:
"क्वेट्ट्यात एवढं शिकून
लोकांची थुंकी झेलत फिरतेस होय गं?"

शाहमुरादनं आधी मिशा पुसल्या.
त्याला अर्जावर हलब लिहून हवं होतं.
आम्ही हलबचे, घोड्यांवरून आलेले,
त्याच्या आजानं त्याच्या बापाला सांगितलेलं.
असा रकाना नव्हता.
रकाने होते बोली, आजोबांचं गाव, आजीचं गाव.
शेवटच्यापाशी तो अडला.
आजी कुठली, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मग माझ्याकडे निरखून, "तू हजारा ना?"
मी मान हलवली. माझे डोळे बारीक आहेत,
मला काही सांगावं लागत नाही.
मस्तुंगच्या रस्त्यावर बस थांबवून
चेहऱ्यावरून कूळ वाचणारे असतात.
त्यांना नळी लागत नाही.
माझा मामा त्या बसमध्ये होता.
शाहमुरादनं पुढचा प्रश्न विचारला नाही.
चहा पुढे सरकवला.

सांजेला माहगुल मेंढ्या मोजत होती.
असिट, इरट, मुसिट,
आणि मग चार, पंच, शश.
तीनापर्यंतचे आकडे घरचे,
पुढचे फारसीचे,
ऐन हिवाळ्यात पीठ संपावं
आणि शेजारून उसनं आणावं तसे.
मी वहीत लिहीत गेले:
पाणी, दीर. रक्त, दितर.
डोळा, खन. दगड, खल.
कुठल्या कुठे दक्षिणेला, समुद्राकाठी,
तमिळ बायका डोळ्याला कण म्हणतात, दगडाला कल.
हे सांगितलं तर म्हणाली,
"त्यांच्याकडे मेंढ्या आहेत का?"

निकालाला तेरा महिने लागले.
कागद घेऊन मी पुन्हा वर चढले.
रक्तात वेगळं काही निघालं नाही.
शेजारचे बलोच, तसेच हे.
इराणच्या बाजूची फार जुनी माणसं,
उत्तरेच्या गवताळ मुलखातून उतरलेली थोडी,
आणि तळाशी कोणी, ज्यांना
आम्ही नुसतं अक्षर दिलंय, नाव नाही.
दक्षिणेचा निराळा धागा नव्हता.
हलब नव्हतं.

शाहमुराद उठून बकऱ्यांकडे गेला.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
इथे तर नदीही नाही, कारेझ आहे:
जमिनीखालून, अंधारातून चालत येतं पाणी,
आणि जिथे उजेडात येतं
तिथे गाव त्याला आपलं म्हणतं.

"मग ही बोली माझ्या तोंडात कोणी घातली?"
माहगुलनं विचारलं. मला माहीत नव्हतं.

सुकवलेल्या मांसाचा तुकडा चघळत
ती बराच वेळ गप्प.
"माझी आई खालची. सिबीकडची, जाटांची.
नवरी होऊन वर आली तेव्हा
एक शब्द कळत नव्हता.
लाजेनं दोन दिवस काही मागितलं नाही.
तिसऱ्या दिवशी मशकेकडे बोट केलं.
सासू म्हणाली, दीर.
आई म्हणाली, दीर.
तेव्हा प्यायला मिळालं.
मला बोलायला तिनंच शिकवलं.
रागावली की मात्र तिकडचं बोलायची,
ते मी शिकले नाही."

अर्ज पिशवीतच होता. मी तो काढला नाही.

"माझी थुंकी आहे अजून तुमच्याकडे?"
"आहे. गोठवून ठेवलीय."
"असू दे," ती म्हणाली, आणि उठली,
कारण एक मेंढी कमी भरत होती.

दुसऱ्यांदा मोजताना मीही शेजारी उभी राहिले.
असिट, इरट, मुसिट, ती म्हणाली,
मी नुसती बोटं मिटत होते.
चार आम्ही दोघी एकदम म्हणालो.
चार माझ्या घरचा होता.