दम

पावणेसहा. बाहेर अजून काळोख, नदीवर बोटींचे दोन दिवे.
बटाटे तळाशी, जाड चकत्या,
त्यावर कोंबडीच्या मांड्या, हाडासकट,
लसणाच्या नऊ पाकळ्या,
दोन लिंबं, पिळून झालेली सालंही आतच,
ओरेगानो तळहातावर चुरडून,
आणि मूठभर काळे ऑलिव्ह, बियांसकट. कारण
बिनबियांचं ऑलिव्ह म्हणजे बोळका कुत्रा,
असं माझे सासरे म्हणतात.

स्लो कुकर अकरा डॉलरचा, कुणाच्या तरी गराजमधून आणलेला,
झाकणाची मूठ तारेनं बांधलेली.
बटण 'लो'वर. आठ तास.
मग मी जाते नर्सिंग होमला
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना भरवायला.
माझा म्हातारा घरी, भांड्यासमोर खुर्ची ओढून.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी कौतुकानं म्हणाले होते,
"हे ग्रीक पद्धतीचं चिकन, पप्पा."
"पद्धतीचं?" पांदेलिस म्हणाले.
"आमच्या बेटावर याला जेवण म्हणायचे."
मी ओहायोची. मला काय कळणार.

मग त्यांचा रोजचा उद्योग: झाकण उचलायचं,
हुंगायचं, मान हलवायची, परत ठेवायचं.
एकदा उचललं की वीस मिनिटं वाया.
मी चिठ्ठी चिकटवली, मोठ्या अक्षरांत. चिठ्ठी ओली होऊन गळून पडली.
शिजेपर्यंतही दम निघेना त्यांचा, निवण्याची तर बातच सोडा.
दोनदा रात्री नऊला आम्ही पिझ्झा मागवला
आणि कोंबडी आमच्याकडे बघत बसली,
हाडापाशी गुलाबी.

आज मला लवकर सोडलं.
स्वयंपाकघरात लिंबाचा वास असा, की दारातच पाय अडला.
पप्पा भांड्यासमोरच. पण हात मांडीवर.
टेबलावर त्यांचं जुनं पाणबुड्याचं घड्याळ,
काच चरे पडून पांढुरकी.
"एकदाही नाही उचललं," ते म्हणाले, मी विचारायच्या आत.

आणि मग, भांड्याकडेच बघत:
"शंभर फुटांवरून वर यायचं, तर थांबत थांबत यायचं.
इथे दहा मिनिटं. तिथे वीस.
दोर हातात, काम काही नाही, नुसतं थांबणं.
डोक्यावर उजेड दिसत असतो. बोटीचं पोट दिसतं.
साकेलारिसला भूक लागली होती.
म्हणाला, वर कांदा तळतायत, मला वास येतोय.
पाण्याखाली कसला वास येतो, निफी?
सरळ वर आला."

निफी म्हणजे सून.
अकरा वर्षांत त्यांनी भावाचं नाव
माझ्यासमोर घेतलं नव्हतं.

"पाय गेले. मग तीस वर्षं खुर्चीत बसून
आमच्या सगळ्यांसाठी बटाटे सोलले त्यानं.
साल इतकी पातळ, की तिच्यातून वर्तमानपत्र वाचावं."

भांडं बुडबुडलं, एकच बुडबुडा,
खालून निघून झाकणाशी फुटला.
मी काय बोलणार. मी सकाळपासून उपाशी होते,
माझाच हात झाकणाकडे गेला.
त्यांनी मनगटावर हलकेच चापट मारली.
"सिगा, सिगा." सावकाश.
घड्याळात अजून चाळीस मिनिटं.

आम्ही बसलो. त्यांनी फेटा कुसकरला,
मी पाव कापला, दोघंही घड्याळाकडे न बघता
घड्याळाकडेच बघत होतो.

मग त्यांनीच झाकण उचललं.
वाफ चष्म्यावर, पुसली नाही.
हाड नुसतं धरलं तर हातात आलं,
मांस मागे राहिलं, रसात.

"मीठ कमी," म्हणाले,
आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.
ऑलिव्हच्या बिया कडेला, एकेक मोजून.

उठताना म्हणाले,
"स्तेलिओसचं ताट झाकून ठेव."
त्याची बोट गुरुवारी येणार. आज सोमवार.

मी झाकून ठेवलं.