दोन्ही दारं

हार्लिंगनला डोंगर नाही. इथे चढ म्हणजे वारा.
वीबे बांधावरून सायकल ढकलत आणतो,
चित्स्केच्या टेबलाला टेकवतो, धापा टाकत म्हणतो :
बॅटरी भरलेली आहे, पण चाक माझ्याशी भांडतंय.

ती मागचं चाक हाताने फिरवते.
अडखळतं. सुटतं. पुन्हा अडखळतं,
बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी.
तेवढ्यावरच तिला रोग कळतो.

सीटखालचा डबा. चार स्क्रू, एक गंजलेला.
आत तीन-तीन पायांचे सहा काळे मॉस्फेट रांगेत उभे,
एकाचं पोट फुटलेलं,
आणि कालच्या आगीचा वास, मुठीएवढा.

‘हा डबा चाक ओढत नाही,’ ती सांगते,
‘ओढतं ते तांबं आणि चुंबक. हा पाळ्या लावून देतो.’
चाकाच्या पोटात तीन पहारेकरी बसलेत,
समोरून चुंबक गेलं की हो किंवा नाही, एवढंच बोलणारे.
त्यांचं ऐकून डबा एका वेटोळ्याला उठवतो, एकाला बसवतो,
पाठीवर थाप, खो,
आणि चुंबक धावतच राहतं
नुकत्याच उठून गेलेल्याच्या मागे.

‘आणि मला हळू जायचं असेल तर?’
‘हळू त्याला येत नाही. उघडं येतं आणि बंद येतं.
सेकंदाला सोळा हजार वेळा उघडतो तो,
दर वेळी किती वेळ, तेवढीच त्याची काटकसर.
तुझ्या मुठीतलं थोडंसं
त्याच्याकडे चिंध्या-चिंध्या असतं.’

मग ती जोडीवर बोट ठेवते, वरचा आणि खालचा.
हे दोघे एकदम उघडले
तर बॅटरीची दोन टोकं थेट भेटतात, आणि मग हा वास.
म्हणून एक मिटल्यावर, दुसरा उघडण्याआधी,
पापणी लवण्याच्या लाखाव्या हिश्श्याएवढा वेळ
दोघांनीही काही करायचं नाही.

वीबे हसतो. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच.
एकतीस वर्षं तो कालवा आणि समुद्र यांच्यामधल्या
दोन दारांवर होता.
‘दोन्ही उघडली असती तर गाव वाहून गेलं असतं, गायींसकट.
नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं,
आणि पाणी पाण्याच्या बरोबरीला येईपर्यंत उभं राहायचं.
डेकवरचे लोक घड्याळं दाखवायचे.
एका बाईने विचारलं, तुम्ही तिथे करता तरी काय?
म्हटलं, आत्ता काहीच नाही.
पगार त्याचाच मिळतो.’

चित्स्के जोडीतले दोन्ही बदलते;
एक गेला की दुसऱ्याचा भरवसा नसतो.
डाग लावते, फुंकर मारते, चाक फिरवते.
चाक फिरत राहतं, कुणाचं काही देणं नसल्यासारखं.

पैसे देताना तो जळका तुकडा मागून घेतो,
कोटाच्या खिशात टाकतो, किल्ल्यांशेजारी.

बाहेर पश्चिमेचा वारा, थेट तोंडावर.
वीबे मूठ पिळतो.
आधी काहीच नाही.
मग चाक.