तळटीप सतरा

पहिल्याच भेटीत केंकरे बाईंनी हातात ठेवली
दोन पानं, कोपऱ्यात गंजकी टाचणी:
'शोधनिबंधासाठी उपयुक्त वाक्यरचना'.

प्रस्तुत अभ्यासात असे प्रतिपादन केले आहे की...
उपलब्ध पुराव्यांवरून असे सूचित होते...
पूर्वाभ्यासकांचे या अंगाकडे दुर्लक्ष झालेले दिसते...

"आणि 'मी' हा शब्द," त्या म्हणाल्या,
"विद्यापीठाच्या फाटकावर ठेवून यायचा.
घरी जाताना परत मिळतो."

मी ठेवला.
ताळगावच्या पठारावर वारा इतका
की कुणी 'मी' म्हटलं तरी ऐकू जाऊ नये.
पाठ केली वाक्यं, शाळेत पाढे केले तशी.
बसमध्ये पुटपुटायचे: तथापि, परंतु, किंबहुना,
शेजारची मासेवाली टोपली जरा पलीकडे सरकवायची.

पणजी, म्हापसा, शिवोलीचा पूल,
चोपड्याला उतरून आगरवाड्यापर्यंत चालत.
तिथे खेमलो.
गुडघ्यापर्यंत पांढरा, पुढे काळा,
लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढणारा.

मी विचारलं, मीठ कधी धरेल?
त्याने कोंडीतलं पाणी दोन बोटांत चोळलं,
खाडीकडे बघितलं, मग आभाळाकडे.
"फाल्यां. वारो असोच रवलो तर.
नाय तर परवां.
तेच्या फुडचा माका विचारू नको."

मी वहीत लिहिलं:
माहितीदात्याच्या मते, अनुकूल हवामान गृहीत धरल्यास,
स्फटिकीभवनास एक ते दोन दिवस लागू शकतात.
वाचलं, आणि लाजले.
त्याच्या वाक्यात वारा होता.
माझ्यात गृहीत धरलेला.

तीन उन्हाळे गेले असे.
त्याने मला मानस दाखवली,
बांधातलं ते लाकडी दार,
भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला उघडणारं,
आणि फळी उचलून हवं तेवढंच खारं पाणी आत घेणारं.
कोण राखतं, कुणाचे पैसे बुडाले,
कुणी मुद्दाम बांध फोडून शेतं खारवली
आणि मग ती मातीमोल भावाने विकायला लावली,
सगळं सांगितलं. नावानिशी.

चौथ्या प्रकरणात मी बंड केलं.
'असे सांगितले जाते' खोडलं आणि लिहिलं:
खेमलो सांगतो.
बाईंनी लाल पेनने गोल केला, सही केली नाही.
म्हटलं, माणूस आहे बाई, माहितीदाता नव्हे.
त्या नुसत्याच बघत राहिल्या.
"त्याला विचारलंस?"

नव्हतं विचारलं.

गेले. छापील पानं मिठाच्या राशीवर ठेवून वाचली,
वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्याने वर कोयता ठेवला.
आपलं नाव ऐकून हसला, एकदाच.
मग फळी खाली ठेवली.
"बाये, तां काड.
भाटकाराचो झील शिकलेलो आसा. वाचतलो.
माका अजून हंयच मीठ काडूचा आसा."

परतीच्या बसमध्ये पहिल्यांदा कळलं
या निर्जीव वाटणाऱ्या वाक्यांचं काम.
असे सांगितले जाते.
काही स्थानिकांचे म्हणणे आहे.
कर्ता नसलेलं ते क्रियापद
बांधात बसवलेलं दार आहे:
खरं तेवढं आत येईल,
पूर मात्र येणार नाही.

(की हे मी माझ्या सोयीसाठी म्हणतेय?
उपलब्ध पुराव्यांवरून
निश्चित निष्कर्ष काढता येत नाही.)

मौखिकीला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले,
भाषा संयत आहे.
बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

ग्रंथालयात आता माझा प्रबंध आहे, काळी बांधणी, सोनेरी अक्षरं.
पान एकशे बेचाळीस, तळटीप सतरा:
वैयक्तिक संवाद, आगरवाडा, फेब्रुवारी ते मे, नाव राखून ठेवले आहे.

राखून ठेवलं आहे, खरंच.
दर उन्हाळ्यात दोन किलो मीठ येतं घरी,
वर्तमानपत्रात बांधलेलं, वर काहीच न लिहिलेलं.
आई विचारते, कुणी पाठवलं?
मी म्हणते,
असे दिसते की
वारा तसाच राहिला.