प्राप्त झाले

गंगावेशीत दिवेलागणीला
म्हशी कट्ट्यावर येऊन उभ्या राहतात
तेव्हा माझं टार्गेट बारा असतं
आणि झालेली असतात चार.

पाचवं खोकं केराबाईला दिलं.
विकलं नाही, भाड्यानं.
महिन्याला सव्वाशे आपोआप कटतात
हे मी जरा भरभर सांगितलं.

"बोलतंय व्हय हे?"
बोलतं की. मराठीतच बोलतं.
मीच माझ्या फोनवरून पाठवला, खोकं म्हणालं
एक रुपया प्राप्त झाला.
चंद्रीनं कान टवकारले,
मागचा पाय झाडला
आणि पान्हा चोरला.

गिऱ्हाइकं पेले धरून उभी.
कासेवर पाणी मारलं, पाठ थोपटली,
रेडकू आणून लावलं,
म्हैस दाद देईना.
"घिऊन जा ही सटवी," केराबाई मला म्हणाली.
पण तोवर मी फोटो काढून
वर पाठवून दिला होता.

राजारामपुरीतल्या ऑफिसात
सरांनी भिंतीवर आलेख दाखवला.
हिरवी रेघ जिल्हा ओलांडून वर चाललेली.
याला म्हणतात ग्रोथ.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
त्या रेघेत कुठंतरी
माझा एक रुपया होता.

दोन महिन्यांनी तक्रार आली म्हणून गेलो.
खोकं बंद. म्हैसही बंद.
"आता सवय लागलीया तिला," केराबाई सांगते,
"रेडकू नगं, पेंड नगं,
त्या बाईनं चाळीस रुपये म्हटलं की
कास भरून येतीया.
आवाजावरनं चांगल्या घरची वाटती बाई."

खोक्याला काही झालं नव्हतं.
सांजपासून रेंजच नव्हती,
रंकाळ्यापासून पार पंचगंगेच्या घाटापर्यंत.
फोन वर धरून माणसं
आभाळाला काही दाखवत असल्यासारखी उभी होती.

केराबाई उकिडवी बसली.
कपाळ चंद्रीच्या कुशीला टेकवलं,
घसा खाकरला,
आणि धुऊन इस्त्री केल्यासारख्या आवाजात म्हणाली
चाळीस रुपये प्राप्त झाले.

बादलीत धार वाजली.

पहिला पेला तिनं माझ्याच हातात दिला,
फेस काठावरून मनगटावर.
मी खिसा चाचपला.
माझा इन्सेंटिव्ह अजून
'प्रक्रियेत आहे' असं दिसतं.

"ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली,
मग हळूच, वर न बघता,
"म्हशीला तेवढं सांगू नगंस."