मगर काय करते?

दांडिया बाजारात, टेलरच्या दुकानावरची खोली.
रविवारी दहा ते अकरा
नऊ मुलं इथे मराठी शिकतात,
खालून मशीन टीप घालत असते
आमच्या बोलण्याच्या मधोमध.

पुस्तक मीच केलंय,
जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, तेलखडूनं.
पानोपानी विश्वामित्रीतली एकच मगर
(एका पानावर ती घोरपडीसारखी दिसते, मान्य)
आणि खाली अर्धंमुर्धं वाक्य.
शेवटचा शब्द मुलांनी आणायचा.

मगर पुलाखालून...
"जाते!"
मगर पुराच्या पाण्यात सोसायटीत...
"घुसते!"
वॉचमन मगरीला बघून...
इथे गोंधळ. पळतो, ओरडतो, पडतो,
आणि ओवी खासेराव ठामपणे, "राजीनामा देतो."

मगर गच्चीवर पतंग...
"चगवते!" नऊच्या नऊ.
उडवते, असं माझ्या ओठांवर आलं होतं.
पण उत्तरायणात मांजा धरून
मी तरी कधी काय उडवलंय?
आमच्या घरात तीन पिढ्या चगवतच आल्या.
फळ्यावर दोन्ही लिहिले, शेजारी शेजारी,
आणि कुठलाच खोडला नाही.

मग ते पान आलं.
मगर काठावर, चिखलाच्या रंगाची.
खाली फक्त, मगर...

"काहीच करत नाही, बाई."
"करत नाही, हेही चालेल."
"झोपते."
"डोळे तर उघडे आहेत तिचे!"
"मरते?"
"ए, गप."

शर्विल पागे, भरूचहून आलेला,
तीन रविवार तोंडातून अक्षर न काढलेला,
वहीच्या कोपऱ्याशी बोलल्यासारखं म्हणाला,
"वाट बघते."
कोणाची रे?
"ते माहीत नाही. पण बघते."

क्रियापद म्हणजे हालचाल, असं मी
पहिल्याच तासाला सांगून बसले होते.
आता ते कसं मागे घ्यायचं?

अकराला आठ जण जिन्यावरून धडधडत गेले.
साडेअकरा. पावणेबारा.
शर्विल आणि मी खालच्या पायरीवर,
टेलरनं दिलेल्या चिंध्या मोजत.
सत्तावीस झाल्या, पुन्हा एकपासून.

वळणावर करडी स्कूटर दिसली.
मी पुस्तकातल्यासारखंच म्हटलं,
"शर्विलचे बाबा..."
आणि थांबले.

त्यानं वाक्य पुरं केलं नाही.
चिंध्या माझ्या मांडीवर टाकून
तो कधीच रस्त्यापलीकडे.