पाव लिटर काळा

रंगाचं दुकान आहे माझं, वाल्पाराइसोत,
टेकडीच्या दोनशे अकराव्या पायरीला.
गल्ल्यामागे वही असते. कोणी कुठला रंग नेला, किती नेला,
सगळं माझ्या अक्षरात.

राजधानीतून एक पोरगा आला, बाल्तासार.
कानात तीन रिंगा, खिशात महापालिकेचं पत्र.
चौथ्या वळणावरची ओकीबोकी भिंत त्याला मिळाली.
बावीस दिवस परांचीला लटकून
त्याने काढली आमची मासेवाली एदुविहिस,
तीन मजली.
केसांत समुद्र, खांद्यावर पेलिकन
आणि हसू:
बत्तीसच्या बत्तीस दात,
एकही किडलेला नाही.

उद्घाटनाला बँड होता.
एदुविहिस सगळ्यांच्या मागे एप्रनला हात पुसत उभी,
हात कोरडे झाले तरी पुसतच राहिली.
कशी वाटली, असं तिला कोणी विचारलं नाही.
मीही नाही.

मग पर्यटक.
सकाळी फळी उघडावी तर पायरीवर
कोणी ना कोणी आ वासून वर बघतंय.
तिचे मासे कोणी घेत नसे,
फोटो घेत. तिला म्हणत,
मावशी, जरा बाजूला होता का,
टोपली मध्ये येतेय.

ऑगस्टात धुकं खालून जिना चढत येतं,
दम लागलेल्या माणसासारखं, थांबत थांबत.
तसल्याच एका रात्री
भिंतीवरच्या बाईचे चार दात गेले.
समोरचे दोन, डावा सुळा, खालचा एक.
चेहरा वरच्या गल्लीच्या कठड्याला लागून;
ओणवं झालं आणि हातात लांब काठी असली
तर पोचतं.

शाळेच्या जेवणघरात सभा भरली.
एउलोहिओ म्हणाला, फुटबॉलवाली कार्टी, दुसरं कोण?
मिरेया बाई म्हणाल्या, कॅमेरा बसवा.
कोणी म्हणालं, आपल्या लोकांना चांगलं काही पचतच नाही.
माना डोलल्या.
एदुविहिस तोंड मिटून बसली होती.
तिचं तोंड मिटलेलं असलं
की कोणाच्या काही लक्षात येत नाही.

साहेब दुकानात आले. वही बघू.
दिली.
पाव लिटर काळा, बिनचकाकीचा.
नावाची जागा कोरी. रकमेच्या जागी:
दोन मेर्लुसा, ताजे.
हे काय?
म्हटलं, साहेब, या टेकडीवर मासे सगळेच देतात.
खोटं होतं. पण फार नाही.

बाल्तासार आला तो पांढऱ्याचा डबा घेऊन,
माझ्याकडूनच.
परांचीवर चढला, झाकणाला स्क्रूड्रायव्हर लावला,
आणि खाली खऱ्याखुऱ्या पेलिकनने
एदुविहिसच्या टोपलीतला मासा पळवला.
ती हसली. त्याच्या सात पिढ्या उद्धरत,
पोट धरून, तोंड उघडं टाकून.
पोरगा वरून बघत राहिला.
एकदा तिच्याकडे, एकदा भिंतीकडे,
पुन्हा तिच्याकडे.
संध्याकाळी डबा न फोडता परत आणून दिला.
काही बोलला नाही. मी पैसे मोजून दिले.

काल रात्री कोणीतरी पेलिकनच्या पोटावर
आपल्या पोरीचं नाव लिहिलंय, बदाम काढून.
एदुविहिस मी फळी उघडायच्या आत दारात.
माझ्या भिंतीवर! माझ्या!
पेलिकनचा तो राखाडी कुठला रे?
मी डबा काढला, वही ओढली,
सवयीने नावाची जागा कोरी सोडली.
ती गल्ल्यावर वाकली, माशाच्या ओल्या बोटाने
ती जागा दाबून म्हणाली,
इथे लिही. या खेपेला नाव घाल.