मागची चेन

संकेश्वरात, हिरण्यकेशीच्या काठाला
मिरचीचा हंगाम सरत आला की तंबू पडायचा.
खुर्चीवर सव्वा रुपयात मंगळ,
खाली बसलं तर आठ आण्यात.

सिनेमा जुना, कुठला कोण जाणे.
हिंदी बोलणारे गोरे.
ओठ मिटले तरी वाक्य चालूच,
गाडी थांबली तरी पुढं सरकणाऱ्या पाशिंजरासारखं.

यान उतरलं.
"ताटली हाय गा ही," भरमा शिंपी म्हणाला,
"उडप्याच्या हाटेलातली. वरचा दोरा बघ, चाळीस नंबर, पांढरा."
मराठी बाजू हसली.
मागनं आवाज, "एनंदा? एनंदा?"
इराप्पा हमाल उठून कन्नडात सांगायचा,
मग ती बाजू हसायची.
आमच्यात प्रत्येक विनोद दोनदा पिकायचा
आणि मधल्या दोन सेकंदांत
पडद्यावरचा शास्त्रज्ञ, कपाळाला आठ्या घालून,
नळीतलं गुलाबी सरबत ढवळत राहायचा.

पडद्यावर सन दोन हजार चालू होतं.
सगळ्यांचे कपडे चंदेरी, जेवणाला एक गोळी.
"गोळीसंगं ठेचा देत्यात न्हवं?"
कुणीतरी कळवळून विचारलं.

इनास ऑपरेटरनं तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लावलं.
ग्रह फुटला. सगळे मेले.
मग सगळे त्याच ग्रहावर गोळ्या खायला बसले.
तक्रार कुणाचीच नाही,
उलट गोष्ट जरा सुधारली, असं मत पडलं.

विषारी वायू सुटला
आणि नेमकी बाहेर कुणीतरी मिरचीची पोती हलवली.
अख्खा तंबू शिंकला.
तेवढी एकच करामत खरी.

मग तो आला. हिरवा, तीन डोळ्यांचा.
म्हणाला, "ही जमीन आमची आहे."
"उतारा हाय काय?" पुढची रांग.
"नकाशा आण आधी," मागची रांग, कन्नडात.
दोन्हीकडं एकदमच हसू फुटलं.
इराप्पा अर्धा उठला होता, तसाच बसला.

हिरवा वळला, आणि पाठीवर
मानेपासून कमरेपर्यंत चेन.
पितळी. अर्धी उघडी. आत बनियन.
आम्ही भरम्याकडं बघितलं, आता काय म्हणतोय.
तो गप्प. बोटं तेवढी हलूलालती,
टाके मोजल्यासारखी.
"रेग्झिन हाय," म्हणाला शेवटी. "बसच्या शिटाचं.
आत माणूस हाय. घामानं भिजला आसल.
आणि चेन मागं दिलीया बघ.
एकट्याला काढाय येत नसणार."

"एनंदा?"
इराप्पानं सांगितलं. जरा हळू सांगितलं.
मागं कुणी हसलं नाही.

नायकानं त्याला पिचकारीनं मारलं.
पडला तो पालथा, चेन वर करून.
"आरं, उघडा की कुणीतरी!" भरमा उठून ओरडला.

खरं तोवर इनासनं दिवे लावले होते
आणि लोक चपला शोधत होते.